मोजलेलं पाणी

अंथुर्णे, ता. इंदापूर
१२ नोव्हेंबर १९९८

खळदकर सरांना नकोशीचा नमस्कार.

सर, मी ऐंशी सालच्या दहावीच्या वर्गातली. तुमी आमाला विज्ञान शिकवायचा. लग्न होऊन अंथुर्ण्यात आले, आता हितल्या अंगणवाडीत सेविका हाय. कन्हेरीचे आबाजी तुमच्याकडं दूध घालतात, ते आमच्या नात्यातले. त्यांच्याकडनं तुमच्या घरच्या बाई गेल्याचं कळलं. एकदा शाळा सुटल्यावर पाऊस लागला तवा बाईंनी मला घरी बसवून जेवू घातलं होतं. पत्र तवाच लिवायला पायजे होतं, न्हाय लिवलं. माफ करा.

आज कामापुरती लिवते हाय म्हणून लाज वाटते. आबाजी म्हणले, सरांच्या सैपाकघरात भिंतीवर एक मशिन हाय, त्यात खारं पाणी घातलं की गोडं होऊन येतं. हे खरं हाय का? आमच्या बोअरचं पाणी लई खारं. हंड्याला आतनं पांढरा थर बसतो. तुरीची डाळ शिजता शिजत न्हाय. कॅनॉलचं पाणी पाळीनं येतं, ते पिकाला.

आमच्या मालकांचे पाय चार महिन्यांपासून सुजतात. इंदापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणले किडनीचं काम कमी झालंय, गोळ्या घ्या आन पाणी चांगलं प्या. चांगलं पाणी मी कुठनं आणू? तेवढं मशिन कुठं मिळतं ते कळवा.

तुमची विद्यार्थिनी
नकोशी मारकड


बारामती
१७ नोव्हेंबर १९९८

सौ. नकोशी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून रेघेच्या खाली उतरतं. सही वाचायच्या आधीच ओळखलं.

मशीन विकत घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. माझ्याकडचं घेऊन जा. पद्मा गेल्यापासून ते बंदच आहे. मी एकटा माणूस, मला नळाचं पाणी पुरतं. तिचं हृदय अचानक बंद पडलं. जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

मशीनचं सांगतो. दहावीत मी मनुका पाण्यात टाकून फुगवून दाखवल्या होत्या, आठवतं? पाणी सालीतून आपोआप आत गेलं होतं. इथे त्याचं उलट करायचं. आत एक बारीक पडदा गुंडाळलेला असतो. खारं पाणी त्याच्यावर पंपानं दाबायचं. पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. पडद्याच्या आधी गाळ अडवणारं आणि वास शोषून घेणारं अशी दोन नळकांडी आहेत. एवढंच यंत्र.

रविवारी आबाजींच्या जीपमधून मी स्वतः घेऊन येतो. मोरीजवळची एक भिंत मोकळी कर. जवळ विजेचं बटण हवं. एका बाटलीत बोअरचं पाणी भरून ठेव, बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळ.

नीळकंठ खळदकर


अंथुर्णे
८ डिसेंबर १९९८

सरांना नमस्कार.

तुमी मशिन बसवून गेलात त्याला पंधरा दिवस झाले. तुमच्या त्या क्षार मोजायच्या पेनासारख्या मीटरवर बोअरचं पाणी अठराशे दाखवतं, मशिनचं नव्वद. आमची स्वप्नाली शाळेतनं आली की रोज मोजते आन खडूनं भिंतीवर लिवते. बारा वरसांची हाय पर आकड्याला पक्की.

मालकांनी पयल्या दिवशी अख्खा तांब्या उभ्यानं संपवला. म्हणले, "लहानपणी मेंढरांमागं मावळात जायचो, तितं दगडातनं पाणी यायचं. तसं हाय हे." आमच्या घरात मेंढरं इकून ऊस लावल्याला वीस वरसं झाली. एवढ्या वरसांत त्यांनी मावळाचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना सगळं सांगत बसले. कुठं मुक्काम पडायचा, कोणत्या गावात ताक मिळायचं. माझ्या सासूबाई मातर ते पाणी पीत न्हाईत. म्हणत्यात ह्याला चवच न्हाय, आजाऱ्याचं पाणी हाय.

सर, अडचण अशी की पाणी लई हळू येतं. कळशी भरायला सकाळ जाते आन मधेच लाईट जाती. जेवढं गोडं येतं त्याच्या तिप्पट मोरीत जातं, ते बघून जिवाला बरं वाटत न्हाय. काय करावं ते लिवा.

मालकांनी तुमाला नमस्कार सांगितलाय. सूज थोडी उतरल्यागत वाटते.

नकोशी


बारामती
१४ डिसेंबर १९९८

सौ. नकोशी,

पत्र वाचून बरं वाटलं. दोनदा वाचलं.

पाणी हळू येण्याचं कारण जोर कमी पडतो हे. तुमच्याकडे विजेचा दाब कमी आहे, त्यामुळे पंप दमतो. आबाजींबरोबर एक स्टॅबिलायझर पाठवतो. शिवाय पाण्याची टाकी जमिनीवर आहे, ती उंचावर चढवा. पंपाला खेचावं लागणार नाही. थंडीत पाणी हळूच येतं, उन्हाळ्यात आपोआप वाढेल. बोअरमधून बारीक रेती येते, ती पडदा खराब करते. जुन्या पिंपात तळाला खडी, वर जाडी वाळू, त्यावर बारीक वाळू असे थर भरा आणि पाणी त्यातून टाकीत सोडा. टाकून द्यायचं पाणी बादलीत धर, भांडी घासायला, फरशी पुसायला चालतं. कढीपत्त्याला घालू नकोस, जळेल.

एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी पाणी किती प्यायचं याचं काही माप सांगितलं आहे का? सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी तू होऊन विचार. विसरू नकोस.

नी. खळदकर


अंथुर्णे
२ फेब्रुवारी १९९९

सरांना नमस्कार.

लई दिवस पत्र न्हाय लिवलं. तुमी सांगितलं तसं सगळं केलं. टाकी वर चढवली, वाळूचं पिंप मालकांनी स्वतः भरलं. आता अर्ध्या तासात कळशी भरते. मीटरवर साठ येतं. एवढं चांगलं पाणी आख्ख्या गावात कुणाकडं न्हाय.

संक्रांतीनंतर मालकांना दम लागायला लागला. पुण्याला नेलं. तितल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोनी किडन्या गेल्यात. आता मंगळवारी आन शुक्रवारी रक्त धुवायच्या मशिनवर घालावं लागतं. पहाटं भिगवणहून यष्टी धरतो, घरी यायला रात होते.

आन सर, पाणी मोजून सांगितलंय. दिवसाला तीन पेले. लघवी होत न्हाय, मग प्यालेलं पाणी अंगातच राहतं म्हणले. तुमी डिसेंबरातच विचारलं होतं माप सांगितलंय का म्हणून. तवा मला कळलं न्हाय तुमी का विचारताय. तुमाला कसं ठावं होतं?

मालक मशिनच्या शेजारी बाज टाकून बसतात. पाणी कळशीत पडतं त्याचा आवाज ऐकत. म्हणतात, "गोडं पाणी आलं तवा प्यायची बंदी आली." हसून म्हणतात, पर मला तितं उभं राहवत न्हाय.

नकोशी


बारामती
७ फेब्रुवारी १९९९

सौ. नकोशी,

तुझं पत्र आल्यापासून काही सुचत नाही. उपयोगाचं तेवढं लिहितो.

मोठा पेला काढून टाक. देवापुढच्या पंचपात्रासारखं लहान भांडं घे, म्हणजे तेवढंच पाणी जास्त वेळा देता येईल. गोळ्यांबरोबरचं पाणी, चहा, आमटीचं पाणी, सगळं त्या तीन पेल्यांत धरायचं. तहान लागली की आधी चूळ भरून टाकायला सांग. लिंबाची पातळ फोड जिभेवर ठेवली की तोंडाला पाणी सुटतं. ओठांना ओलं फडकं लाव. मीठ जितकं कमी तितकी तहान कमी. दुपारी तीन ते पाच हा वेळ सगळ्यात कठीण जातो, त्या वेळी कुणीतरी त्यांच्याशी बोलत बसावं.

हे सगळं मी एका मासिकात वाचलं होतं.

गाळाचं नळकांडं बदलायला झालं असेल. नवीन पाठवतो. बदलताना वीज बंद कर.

नी. खळदकर


अंथुर्णे
२० एप्रिल १९९९

सरांना नमस्कार.

लिंबाच्या फोडीचा लई उपयोग झाला. लहान भांड्याचा पण. पर आता ऊन वाढलंय. पत्र्याखाली बसवत न्हाय, मालकांच्या ओठांची सालं निघतात.

मागच्या बुधवारी मी अंगणवाडीत असताना त्यांनी स्वप्नालीला गुपचूप तांब्या भरून आणायला लावला. पोरीनं आणला. बाप मागतो म्हणल्यावर ती काय करणार? शुक्रवारपर्यंत तोंड, हात सगळं सुजलं. पुण्याचे डॉक्टर माझ्यावर ओरडले. म्हणले, "तुम्हाला माणूस हवाय की नको?" घरी येऊन मी पोरीला मारलं, सर. आजवर कधी हात लावला नव्हता. मालक बाजेवरनं म्हणत होते, "तिला नको, मला मार."

आता मी घरात नसते तवा मशिनची भीती वाटते. बोअरचं पाणी ते पीत न्हाईत, म्हणतात तोंडात धरवत न्हाय. ह्या मशिनच्याच पाण्याची ओढ हाय. ह्याला कुलूप लावता येईल असं काय करता येतं का? इचारायला जीभ रेटत न्हाय पर इचारते.

नकोशी


बारामती
२५ एप्रिल १९९९

सौ. नकोशी,

आबाजींबरोबर पितळी तोटी पाठवतो आहे. तिला किल्ली आहे. किल्लीशिवाय फिरत नाही. जुनी तोटी काढून ही बसवायची, आट्यांवर पांढरी टेप सहा वेढे गुंडाळायची. किल्ली फक्त तुझ्याजवळ ठेव. भरलेली कळशी उघड्यावर ठेवू नकोस.

दोन दिवस ती तोटी टेबलावर ठेवून बसलो होतो. शेवटी पाठवायचंच ठरवलं. मन घट्ट कर. ते मागतील. तू देऊ नकोस.

नी. खळदकर


बारामती
६ जून १९९९

नकोशी,

तुझ्या नावाआधीचं ‘सौ.’ न लिहिता पत्र सुरू करायला मला आठवडा लागला.

दशक्रियेला आलो होतो. तू मला पाहिलंस आणि आत गेलीस. तुझ्या सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला पाणी द्यायला त्यांनी स्वप्नालीला सांगितलं.

मशीनबद्दल काही लिहीत नाही. तू कशी आहेस, एवढंच कळव. सवडीनं.

नीळकंठ खळदकर


अंथुर्णे
११ ऑगस्ट १९९९

सर,

दोन महिने लिवायला बसते आन उठते. आज अंगणवाडीला सुट्टी हाय, लिवते.

मे महिन्यातला तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी पुण्याची पाळी. दुपारपर्यंत त्यांचे तिनी पेले झाले होते. ऊन इतकं होतं की चिमण्या सुद्धा घरात येऊन बसल्या होत्या. मी उंबऱ्यात बसून अंगणवाडीचे तांदूळ निवडत होते. तीनच्या सुमाराला ते म्हणले, "नकोशे, अर्धाच दे."

सर, ती तोटी बसवल्यापासनं त्यांनी मागायचंच सोडलं होतं. आधी मागायचे, मी न्हाय म्हणायची, ते रागवायचे, मी रडायची. कुलूप आल्यावर एकदा सुद्धा मागितलं न्हाय. किल्लीकडं बघायचे आन दुसरीकडं बघायचे. त्या दिवशी पयल्यांदा मागितलं, ते पण अर्धाच.

मी म्हणले, "उद्या मशिनवरनं उतरलात की दीड देते." ते "बरं" म्हणले आन भिंतीकडं तोंड करून निजले. मी फडकं ओलं करून ओठाला लावलं, परत तांदूळ निवडायला बसले. साडेचारला सूप आत ठेवायला गेले तर ते गेले होते. किल्ली माझ्या कनवटीला होती.

सासूबाई मला काय बोलल्या न्हाईत. एकदाच म्हणल्या, "मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात ग." ते पण हळूच, भांडी घासताना. मी गेलेल्याच्या तोंडात घातलं, सर. ते सगळं गालावरनं खाली आलं.

तुमी कुलूप कशाला पाठवलं? मीच मागितलं होतं हे मला ठावं हाय. पर तुमी शिकलेलं, तुमी न्हाय म्हणायला पायजे होतं. तुमी लिवलं, ते मागतील, तू देऊ नकोस. तेवढंच वाक्य माझ्या डोक्यात होतं.

मशिन घेऊन जावा. मला त्याचा आवाज सोसत न्हाय.

नकोशी


बारामती
१७ ऑगस्ट १९९९

नकोशी,

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. आता मी लपवलेलं लिहितो.

पद्माचं हृदय अचानक बंद पडलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तिच्या किडन्या गेल्या होत्या. ते मशीन मी तिच्यासाठीच आणलं होतं. सात महिने ती ते पाणी प्यायली आणि आजार एका दिवसानंही मागे हटला नाही. गेलेली किडनी पाण्यानं परत येत नाही हे तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला ठाऊक होतं. तरी मी मशीन घेऊन आलो. तुझ्याकडे टाकी चढली, वाळूचं पिंप झालं, आकडा नव्वदचा साठ झाला, तेव्हा मला पद्माचंच काहीतरी नीट होत असल्यासारखं वाटत होतं. तुझ्या घरात एक माणूस आजारी आहे आणि मी आकडे वाचून खूश होत होतो. मासिकात मी काहीही वाचलं नव्हतं. लिंबाची फोड, लहान भांडं, तीन ते पाचची वेळ, हे सगळं तिच्या उशाशी बसून शिकलो.

तिलाही माप होतं. पुण्याच्या दवाखान्यात एका दुपारी सिस्टर बाहेर गेली तेव्हा ती म्हणाली, "अहो, एक पेला द्या ना. कोणी बघत नाहीये." लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरून सगळा संपवला आणि म्हणाली, "आता बरं वाटलं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. फुफ्फुसात पाणी भरलं, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी काय झालं ते त्यांना मी सांगितलं नाही. अनयला, माझ्या मुलालाही सांगितलं नाही. तो अमेरिकेतून फोनवर विचारत राहिला, असं एकाएकी कसं झालं बाबा. मी म्हटलं, हृदय.

म्हणून ती तोटी पाठवली. तुझ्या हातून माझ्यासारखं होऊ नये म्हणून. तू पेला दिला नाहीस, मी दिला. रोज दुपारी तो पेला माझ्या हातात असतो. आता तुझ्याही हातात मी एक देऊन ठेवला.

मशीन न्यायला रविवारी आबाजींना पाठवतो. मी स्वतः येत नाही. तू मला पुन्हा आत जाताना दिसू नयेस.

नीळकंठ


अंथुर्णे
९ सप्टेंबर १९९९

सरांना नकोशीचा नमस्कार.

आबाजी आले होते, मी त्यांना मशिन दिलं न्हाय. रिकाम्या जीपनं परत पाठवलं, त्याचा राग मानू नका. तुमचं पत्र वाचल्यावर ते भिंतीवरनं काढू वाटलं न्हाय. अंगणवाडीतली पोरं डबक्याचं पाणी पितात, तितं बसवायचं ठरवलंय. सरपंचांनी लाईट जोडून द्यायचं कबूल केलंय. साधी तोटी मी इंदापुरातनं आणली.

त्याच दिवशी इंदापूरच्या डॉक्टरांकडं पण गेले. मला काय झालेलं नव्हतं. नंबर लावला आन माझ्यामागच्या सगळ्यांना आत सोडून शेवटी गेले. डॉक्टर म्हणले, "काय होतंय?" मी म्हणले, "मला होत न्हाय. एक इचारायचं हाय. एक बाई होत्या, किडनीच्या. त्यांना त्यांच्या मालकांनी एक पेला पाणी जास्त दिलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्या पेल्यानं गेल्या का?"

डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. किती दिवस आजारी होत्या, कुठं होत्या, सगळं इचारलं. मला जेवढं ठावं तेवढं सांगितलं. ते म्हणले, "एका पेल्यानं माणूस जात नाही. त्यांच्या अंगात पाणी आधीच भरलेलं असणार. तो पेला दिला नसता तरी त्या गेल्याच असत्या, फक्त तहानलेल्या गेल्या असत्या." मी त्यांना परत सांगायला लावलं. परत तेच म्हणले.

सर, हे तुमाला कळवायचं म्हणून मी पत्र लिवते हाय. तुमच्या हातनं काय वाईट झालं न्हाय. बाई पाणी पिऊन गेल्या. हे अनयदादाला सांगा. त्याला कळलं तर तो तुमाला बोल लावणार न्हाय.

मी उठले होते. दारापाशी गेले आन माझंच मला राहवलं न्हाय. माघारी फिरून इचारलं, "आन एकाला न्हाय दिला. अर्धाच मागत होता. दिला असता तर चाललं असतं?" डॉक्टरांना कळलं मी कुणाचं इचारते. त्यांनी चष्मा काढून पुसला. लई वेळ पुसला. मग म्हणले, "चाललं असतं, ताई."

हे लिवू का नको म्हणून चार दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. पर तुमी शेवटी माझ्यापासनं काय लपवून ठेवलं न्हाय, मग मी कसं लपवू? तुमी मातर डॉक्टरांचं पयलं बोलणं तेवढंच वाचा. ते तुमचं हाय. दुसरं माझं हाय.

नकोशी